लालित्याची कारकुनी

लिटररी जर्नालिझमच्या, म्हणजे खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी ललित अंगाने लिहिणाऱ्या पत्रकारितेच्या, एम. ए.ला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकी असते, कॉफी असते, बाहेर बर्फ पडत असतो आणि आत वाक्यं सुचत असतात. न्यूयॉर्क विद्यापीठात तर या प्रकाराची वेगळी शाखाच आहे. पण तिथे काय किंवा आणखी कुठे काय, वाक्याची पाळी यायला सेमिस्टर संपत आलेली असते. तोवर जे चालतं ती शुद्ध कारकुनी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वाचन. अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांवरच्या जॉन हर्सी यांच्या 'हिरोशिमा' या लेखासाठी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने ऑगस्ट 1946चा एक अख्खा अंक दिला, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. पत्रकार गे टलीझ यांनी गायक फ्रँक सिनात्राची मुलाखत न मिळताच त्याच्यावरचा 1966चा गाजलेला लेख लिहिला, हेही कळतं. यातून वर्गातले आळशी लोक सोयीचा अर्थ काढतात: मुलाखत नाही मिळाली तरी भागतं! भागतं ना. फक्त मग त्या माणसाच्या आजूबाजूच्या यच्चयावत लोकांना गाठावं लागतं.

मुलाखत मिळालीच तर खरे हाल सुरू होतात. न्यूयॉर्कमध्ये बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असली की रेकॉर्डिंग कायद्यात बसतं, कॅलिफोर्नियात खासगी बोलण्याला सगळ्यांची लागते. म्हणून परवानगी आधी मागायची आणि रेकॉर्डर सुरू झाल्यावर पुन्हा वदवून घ्यायची, म्हणजे 'हो' पुराव्यासकट राहतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि घडी केलेल्या रुमालावर ठेवायचा, नाहीतर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का आत उमटतो. कॅफेत तर भेटूच नये. नेमकं माणूस आईच्या मृत्यूबद्दल बोलू लागतो आणि मागचं यंत्र दूध फेसाळायला घेतं.

मग उतरवून काढणं. माणूस मिनिटाला दीडशे शब्द धरले, तरी तासाचे नऊ हजार होतात. हाताने टाइप करायला चार तास सहज जातात आणि त्यातून लेखात जातात तीन ओळी. सॉफ्टवेअर आहे की! आहे, पण ते विशेषनामं बिघडवतं, दोघं एकदम बोलले की कोण काय म्हणालं याचा काला करतं. त्यातून न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी काकू अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत बोलणार. त्यांनी काकांना मारलेल्या 'अहो'चं 'आयडाहो' झालं, तर दोष कुणाला द्यायचा?

वहीचा मात्र एक नियम मी डोळे मिटून मानतो. उजव्या पानावर माणूस बोलला ते, डाव्या पानावर आपल्याला दिसलं ते: बूट, भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिजवर चिकटवलेली बिलं. डावं पान कोरं राहिलं की घरी आल्यावर कल्पनाशक्ती ते भरायला धावते, आणि या विषयात कल्पनाशक्तीला मज्जाव आहे.

वर्कशॉपमध्ये लेख बाराजणांसमोर ठेवून लेखकाने मुकाट बसायचं असतं. एक म्हणतो, आजी अजून हवी होती. शेजारचा म्हणतो, आजी काढून टाक. दोघांनाही खरं तर सुरुवात कंटाळवाणी वाटलेली असते, पण ते कुणी बोलत नाही. समासात दोघांच्या खुणा एकाच ठिकाणी पडल्या असतील, तर दुखणं त्याच्या पानभर आधी शोधावं.

शेवटी फॅक्ट-चेक. प्रत्येक वाक्यापुढे आधार लिहायचा: वहीचं पान, रेकॉर्डिंगचं मिनिट, फोटो. 'रिमझिम पाऊस पडत होता' हे वाक्य सुचायला दोन सेकंद लागतात, हवामान खात्याच्या नोंदीत ती संध्याकाळ कोरडी निघायला दहा मिनिटं. मग माणसाला फोन. त्याचं वाक्य वाचून दाखवायचं नाही, कारण तो ते लगेच सुधारायला घेतो. नुसते तपशील विचारायचे. तुमचा शर्ट निळा होता ना? तो म्हणतो, छे, मी निळा घालतच नाही. बायको मागून म्हणते, निळाच होता. फोटोत तो हिरवट दिसतो. लेखात छापून येतं: 'त्यांनी शर्ट घातला होता.'