अंगठी घालून पॅनेलमध्ये हात

इलेक्ट्रिशियनांसाठी निघणाऱ्या अमेरिकी मासिकांतल्या १९४०-५०च्या जाहिराती पाहिल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पक्कड विकायची असो, वायर असो की मेन स्विच, चित्रातला माणूस उघड्या पॅनेलमध्ये हातमोजे न घालता हात घालतो, त्याचा टाय आत लोंबत असतो आणि नजर कामाकडे नसून आपल्याकडे असते. वर बोटात सोन्याची अंगठी आणि मनगटावर धातूच्या पट्ट्याचे घड्याळ! ती अंगठी एकाच वेळी जिवंत बसबारला (म्हणजे वीज चालू असलेल्या, पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीला) आणि पॅनेलच्या पत्र्याला टेकली, तर क्षणात लालबुंद होऊन बोट जाळील, हे चित्रकाराला ठाऊक नसेल. पण कंपनीतल्या एकाही अभियंत्याला ते दिसू नये? साठ वॅटचा दिवा १२० व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह घेतो, आणि त्याचा पाचवा हिस्सा छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस मरू शकतो. धातूच्या शिडीवर उभे राहून केलेल्या जोडणीबद्दल तर बोलायलाच नको.

‘त्या काळी कोणाला काय कळत होते?’ ही सबब मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता, म्हणजे सुरक्षित वायरिंगची नियमावली, १८९७ सालची आहे. रबरी हातमोजेही तेव्हा मिळत होते. मग आधी मेन स्विच बंद करणारा माणूस काढायला असा कोणता जास्तीचा रंग लागणार होता? शिकाऊ पोरांच्या डोळ्यांसमोर हीच चित्रे होती, आणि आज लोक तीच हौसेने चौकटीत घालून भिंतीवर लावतात!