किती एचपी निघते ते सोडा, नवतपात टिकते का ते सांगा

सुपरचार्जरवाली (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) गाडी आहे आणि ती ट्यून करायचा, म्हणजे तिची ताकद वाढवायचा, विचार चालू आहे, एवढं कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती एचपी निघते मग?" दुसरा प्रश्न कोणाला सुचतच नाही. गाडीच्या शौकिनांना नाही, आणि ट्यून विकून पोट भरणाऱ्यांना तर अजिबात नाही. मी किती दिवसांपासून एकच साधी गोष्ट विचारून राहिलो: बाबा रे, मे महिन्यात, नवतपाच्या त्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी, नागपूरच्या वर्धा रोडवर, एसी फुल लावून, इथल्या पंपावर जे पेट्रोल मिळते ते टाकून हे इंजिन सुखरूप राहील असा मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला द्यायचे आकड्यांचे तक्ते, आहे का तुझ्याकडे? यावर जे उत्तर येते ना, ते ऐकून डोकं फिरते. "टेन्शनच नका घेऊ सर, एकदम सेफ आहे." सेफ म्हणजे काय बे? कशावरून? "आतापर्यंत एकाही कस्टमरची कंप्लेंट नाही." अरे, ज्याच्या पिस्टनला भोक पडलं तो कंप्लेंट करायला फोन लावत असेल आणि तुम्ही उचलत नसाल!

गाडी म्हणाल तर जुनी, सेकंडहँड मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर. १.८ लिटर, चार सिलिंडर, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर, कंपनीचे १८४ पीएस. यात थोडा दम वाढवायचा, बस. समृद्धीवर कोणाशी रेस लावायची नाही. तिथे मर्यादा १२० ची आहे आणि ती गाडीला आताच जड जात नाही. ओव्हरटेकला जरा खेच हवी, एवढीच हौस. पण हौस करायची तर आधी समोरच्याला इंजिन समजते की नाही ते पाहावं लागते, आणि इथेच सगळा घोळ आहे.

फोनवर ज्याच्याशी बोलावं तो टर्बोचीच, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंपाची, भाषा बोलते. "बूस्ट आपण सॉफ्टवेअरमधून ॲडजस्ट करू सर." कसा करशील? टर्बोत वेस्टगेट असते, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट बाजूला सोडणारी झडप, उन्हाळ्यात ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) ठरवलं तर बूस्ट, म्हणजे हवेचा जास्तीचा दाब, कमी होतो. सुपरचार्जर क्रँकच्या पट्ट्यावर फिरते. इंजिनचे आरपीएम वाढले की तो तेवढ्या पटीत फिरणार, म्हणजे फिरणारच. तुम्ही सुपरचार्जरची पुली (पट्ट्याची चकती) लहान बसवली की बूस्ट कायमचा वाढला. डिसेंबरमध्येही तेवढाच, नवतपातही तेवढाच. बायपास व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल सोडले तर गरम दुपारी ईसीयूच्या हातात उरते काय? ठिणगीची वेळ मागे घेणे आणि पेट्रोल जास्त टाकणे. आणि हेच दोन तक्ते नीट भरायचे पैसे मी देतो म्हणतो, तर समोरचा मला पुली विकून राहिला! "पुली घ्या, मॅप फ्री." वा रे वा. ज्याच्यावर इंजिन जगणार की मरणार ते फुकट, आणि ॲल्युमिनियमच्या चकतीचे पैसे.

गरमीचा हिशेब मी घरी बसून केला. त्याला काही इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, बारावीचं फिजिक्स पुरते. बाहेरची हवा ४५ अंश. ती अर्धा बार दाबली तर आदर्श, कागदावरच्या सुपरचार्जरमधूनही साधारण ८४ अंशांना बाहेर येते. खरा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर एवढा शहाणा नसतो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तीच हवा ११० च्या आसपास जाते. हेच गणित २५ अंशांच्या हवेवर केलं तर उत्तर येते ८६. म्हणजे आपल्या मेच्या हवेला दुसऱ्या गावच्या थंड सकाळपेक्षा २४ अंशांचा भुर्दंड, तोही बोनेटखालची भट्टी न धरता. "पण सर, इंटरकूलर आहे ना!" आहे. इंटरकूलर म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर. तो हवेवरच चालते, बाहेरच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, आणि बाहेरची हवाच ४५ आहे. त्यात तुम्ही सिग्नलवर उभे, पंख्यातून एसीच्या कंडेन्सरची वाफ आत येऊन राहिली, डांबर तापलेलं. सिग्नल सुटला, पाय दाबला, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत सिलिंडरमध्ये जी हवा जाते तिचं तापमान कोणत्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसते. या गावात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता. इथे "कमाल तापमान" हा काही कोपऱ्यातला अपवाद नाही, इथे तो दीड महिना मुक्कामाला असतो.

आता तो डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनचा, ग्राफ. प्रत्येक जण तोच पाठवते, लाल रेघ आणि निळी रेघ, खाली मोठ्या अक्षरात वाढलेले एचपी. त्या ग्राफच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असते, एसएई करेक्टेड. हे कोणी वाचतच नाही. एसएईच्या 'जे-१३४९' या मानकानुसार डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेली ताकद २५ अंश आणि ९९ किलोपास्कल दाबाच्या हिशेबात बदलून दाखवते. दोन डायनोंची तुलना करायला ते ठीक आहे, त्यात लबाडी नाही. पण मला विकताना तो आकडा "तुमची गाडी एवढी ताकद देईल" म्हणून विकायचा? कुठे देईल? नागपुरात २५ अंश म्हणजे आम्ही स्वेटर शोधतो!

एकदा लय मागे लागल्यावर एकाने "याच इंजिनच्या दुसऱ्या गाडीचा" लॉग, म्हणजे चालत्या इंजिनची नोंद, पाठवला. नशीब, म्हटलं कोणीतरी काहीतरी दाखवून राहिलं. उघडून बसलो. तिसऱ्या गिअरमधली एकच ओढ, अडीच हजार आरपीएमपासून सहा हजारांपर्यंत. तारीख डिसेंबरची. आत जाणारी हवा सुरुवातीला २८ अंश, शेवटी ४१. ठीक. मग टायमिंगचा, म्हणजे ठिणगीच्या वेळेचा, कॉलम पाहिला, तर साडेचार हजारांच्या पुढे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ईसीयू साडेचार अंश (क्रँकच्या फिरण्याचे, तापमानाचे नाही) टायमिंग मागे खेचून राहिला होता, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत तसंच. बाकी तीन सिलिंडर जवळजवळ शांत. लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (आकडा जेवढा कमी तेवढं पेट्रोल जास्त), शेवटपर्यंत ०.९१. बूस्टमध्ये! जिथे ०.८० ते ०.८५ पाहिजे तिथे. मी विचारलं, हे तिसरं सिलिंडर काऊन रडून राहिलं? उत्तर आलं, "ते नॉर्मल आहे सर, ईसीयू ॲडॅप्ट करून घेते."

ॲडॅप्ट करून घेते! डिसेंबरमध्ये २८ ते ४१ अंशांच्या हवेत ज्याला साडेचार अंश मागे यावं लागते, तो मेमध्ये कुठवर मागे येईल? टायमिंग असं मागे येते ते नॉकमुळे, आणि नॉक म्हणजे काय हे तरी माहीत आहे का यांना? ठिणगीने पेटलेली आग पसरून राहिलेली असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपण एकदम पेटते. तो आवाज म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधल्या बारीक कडांवर हातोडा. नॉक सेन्सर हा ब्लॉकला चिकटवलेला एक कान आहे, तो आवाज झाल्यावर ऐकतो. झाल्यावर! तो शेवटची ढाल आहे, तिच्या भरवशावर कोणी रोजचा मॅप बनवते का?

याहून वर एक महाभाग भेटला. म्हणे, "सेन्सरची सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करून देतो, मग पॉवर कट होणार नाही." म्हणजे हातोडा चालूच, फक्त कानात बोळे. दुसऱ्याने ऑनलाइन मिळणारी ती "परफॉर्मन्स चिप" सुचवली. ती काय असते ठाऊक आहे? एक रेझिस्टर. हवेच्या तापमानाच्या सेन्सरऐवजी लावायचा, म्हणजे ईसीयूला वाटते बाहेर गारठा आहे, आणि तो टायमिंग मागे घेतच नाही. नागपुरात! सेन्सर खोटं बोलला तर काय तमाशा होतो हे या गावाला शिकवता का? मे २०२४ मध्ये इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. तिथे फक्त बोभाटा झाला. इथे इंजिन जाईल.

आणि पेट्रोल? त्यावर तर सगळेच गप्प. मॅप कोणत्या ऑक्टेनचा (पेट्रोलच्या नॉक सोसायच्या ताकदीचा आकडा) ते विचारलं की "९१ वाला आहे, ९५ वाला आहे, १०० वाला आहे" अशी थाळी वाचतात. त्यात इथेनॉल किती धरलं, हे विचारलं की लाइनवर शांतता. शुद्ध पेट्रोलला १४.७ ला १ या प्रमाणात हवा लागते, ई१० ला (दहा टक्के इथेनॉलवालं) साधारण १४.१, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला ई२० जास्त टाकावं लागते, जुन्या शुद्ध पेट्रोलच्या मानाने आठेक टक्के. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू भरून काढते. पाय पूर्ण दाबला की जुने बरेच मॅप आधी लिहिलेल्या आकड्यांवर जातात, आणि ते आकडे कधीच्या पेट्रोलवर लिहिले ते देवाला माहीत. पुली लहान करून इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आधीच ८५ टक्के वेळ उघडे असतील तर जास्तीचं पेट्रोल येणार कुठून? इथेनॉलचा फायदाही आहे, मी नाही म्हणत नाही. नॉकला ते चांगलं, आत गारवा करते, आणि ई२० मुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ झालं असं सरकारनेच सांगितलं. मग तो फायदा धरून, तोटा सांभाळून मॅप लिहा ना! माझी गाडी ई२० च्या काळातली नाही, तिच्या नळ्या आणि पंपाचं काय हा वेगळा विषय, त्यावर बोललो तर रात्र होईल.

मित्रमंडळींचं तर विचारूच नका. एक जण स्वतःच्या गाडीबद्दल सांगते, "गाडी उडून राहिली भाऊ, तू उगाच घाबरते." तुझी गाडी रात्री अकराला आउटर रिंग रोडवर उडते. दुपारी तीनला तू कुलरसमोर झोपलेला असते! कोणी म्हणते शंभर ऑक्टेन टाक, विषय संपला. रोज? तेही प्रवासात जिथे मिळेल तिथे? ज्या दिवशी मिळालं नाही आणि साधं टाकावं लागलं, त्या दिवसासाठी दुसरा मॅप कोण देईल? त्यातल्या त्यात घाट रोडचे आमचे म्हातारे मिस्त्रीच बरे. लॅपटॉपला हात लावत नाहीत, पण म्हणाले, "साहेब, आधी प्लग काढून पाहू, मग वाढवायचं ते वाढवा." प्लग काढून भिंगाखाली पाहिले, एकेकाच्या पोर्सलीनवर बोट ठेवून दाखवलं, इथे काळे ठिपके नाहीत, ॲल्युमिनियमचे कण नाहीत, म्हणजे आतापर्यंत सुखी आहे. प्लग एक नंबर थंड घ्या, गॅप थोडा कमी ठेवा, कूलंट बदला, एवढं सांगून चहा मागवला. फोनवरच्या एकाही "एक्स्पर्ट"ने माझे प्लग कोणते आहेत हे विचारलेलं नाही.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल काय म्हणते ते वाचा, आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी कशी वागते ते ज्याचं त्याला माहीत. हेही विकणारा स्वतःहून सांगत नाही.

मला काय पाहिजे ते एवढं अवघड आहे का? आत जाणारी हवा ५० अंशांच्या वर गेली की टायमिंग किती मागे येईल, ६० ला किती, ७० ला किती, तो तक्ता दाखवा. वर दहा-पंधरा एचपी कमी द्या, चालेल, ग्राफवर मला ते मिरवायचे नाहीत. बूस्टमध्ये मिश्रण जाड ठेवा. इंजेक्टरला जागा ठेवा. नॉक सेन्सरला हात लावू नका. कूलंट तापला की ताकद आपोआप उतरू द्या. आणि रिमोट मॅप पाठवणार असाल तर पहिली फाइल टाकून गायब होऊ नका. लॉग घ्या, दुसरी फाइल द्या, उन्हाळ्यात परत लॉग घ्या. यासाठी जास्त पैसे मागा, देतो. पण तुमच्याकडे तर "स्टेज वन, रविवारपर्यंत ऑफर". एकाच साच्यातली फाइल, सगळ्या गावांना तीच. महाबळेश्वरलाही तीच, चंद्रपूरलाही तीच.

तोवर माझी पुली कंपनीचीच राहील. ज्याला आपला मॅप सेफ वाटतो त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला यावं. दुपारी तीनला निघू, बुटीबोरीपर्यंत जाऊन येऊ, एसी बंद होणार नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन तुम्ही बसा, तिसऱ्या सिलिंडरचा कॉलम मोठ्याने वाचत राहा. पेट्रोल माझं, संत्रा बर्फी माझी.