तांबडं पाणी आणि केसिंगवरचा आळ

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मोबाईलवर एक निरोप फिरतो आहे: ‘बोअरचं पाणी बादलीत तांबडं पडलं म्हणजे केसिंग गंजलं. लोखंड खाणारे जंतू झाले. एकदा ब्लीचिंग टाका, ठिबकमध्ये अ‍ॅसिड सोडा, कटकट मिटली.’

केसिंग, म्हणजे बोअरमधला आधाराचा पाईप, गंजलं असेल तर पाणी मोटारीतूनच गढूळ येतं. निघताना नितळ आणि हवा लागून थोड्या वेळाने तांबडं, म्हणजे लोखंड विरघळून आलं आहे. पीव्हीसी केसिंग असलं तरी हे होतं. खात्री करायला दोन पारदर्शक बाटल्या पुरतात. एकीत नळी तळाला टेकवून पाणी ऊतू जाईपर्यंत भरा आणि बुडबुडा न ठेवता झाकण लावा. दुसरी अर्धी भरून जोरात हलवा. फक्त दुसरी तांबूस झाली, तर केसिंग बदलायचा खर्च वाचला. सामू (pH) साडेसहाच्या खाली असेल तर रंग यायला बराच वेळ लागतो.

लोखंड पाण्यात उतरवणारे जंतू ते खात नाहीत, त्यावर श्वास घेतात. खातात ते सेंद्रिय पदार्थ. प्राणवायू संपलेल्या थरात जिओबॅक्टर नावाचा जंतू अ‍ॅसिटेटचा एक रेणू जाळतो, त्यातून आठ इलेक्ट्रॉन सुटतात. ते मातीतल्या न विरघळणाऱ्या फेरिक लोखंडाला मिळाले की आठ अणू फेरस होऊन पाण्यात उतरतात. ड्रिपरमध्ये बुळबुळीत तांबडा थर धरणारे गॅलिओनेला जंतू वेगळेच, त्यांना थोडा प्राणवायू लागतो. निरोपात दोघांची खिचडी झाली आहे.

एकदाच ब्लीचिंग? भूजलातून लोखंड रोज येतं, मग मात्राही रोजची. 1 मिलिग्रॅम फेरसला 0.64 मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. लिटरमागे 2 मिलिग्रॅम लोखंड असेल तर 10,000 लिटरला सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) 130 मिली. शेवटच्या ड्रिपरपर्यंत थोडं क्लोरीन उरावं म्हणून वर थोडं जास्त. ब्लीचिंग पावडर नको, तिचा चुना कठीण पाण्यात नळ्यांतच बसतो. आणि हे वाळूच्या फिल्टरच्या आधी सोडायचं. नंतर सोडलं तर गाळ लॅटरलमध्येच, म्हणजे ड्रिपरच्या नळ्यांतच, तयार होतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. मँगनीज असेल तर क्लोरीनने ते सावकाश बसतं, फिल्टर ओलांडून पुढे जातं.

अ‍ॅसिड बसलेला थर सोडवतं, येणारं लोखंड थांबवत नाही. ते आणि हायपोक्लोराइट एका टाकीत, किंवा मागोमाग एकाच व्हेंचुरीतून (ठिबकात द्रावण ओढणाऱ्या नळीतून) कधीच नाही: विषारी क्लोरीन वायू सुटतो. मध्ये साध्या पाण्याने नळ्या धुऊन घ्या.