निष्काम सेवेसाठी आषाढच बरा

गुरुपौर्णिमा आटोपली. यंदा ज्यांची सेवा हुकली त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुढच्या आषाढात तरी नीट तयारीने उतरता यावं, म्हणून आमच्या वाडीत जे पाहिलं त्यावरून चार गोष्टी सांगते. अनुभव ताजा आहे, चिखल अजून वाळलेला नाही.

आधी गुरू पारखून घ्या. माणगावचे टेंबे स्वामी आपल्याच मातीतले, जन्म १८५४ चा. पण उपयोग काय? दंड-कमंडलू घेऊन पायी देश पालथा घातला. ज्यांना गाडीच नाही त्यांच्या गाडीपुढे नारळ कुठून वाढवणार? पावसच्या स्वामी स्वरूपानंदांचं तेच. देसायांच्या घरात राहिले, १९७४ साली पावसलाच देह ठेवला. स्टेज नाही, पास नाही, सेवेकऱ्याच्या गळ्यात अडकवायला ओळखपत्र नाही. अशा ठिकाणी सेवा करून ती दिसणार कोणाला? तेव्हा पांढरी मोठी गाडी आणि तिच्या मागे दोन लहान गाड्या, एवढी लक्षणं दिसली की डोळे मिटून अनुग्रह घ्या.

घरात दासबोध असू द्या. फक्त पाचवा दशक उघडू नका. शिष्याला साधनेला न लावणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत, असं समर्थ तिथे सांगून बसलेत. उगाच मनात किंतू येतो.

सेवेला दिवस भातलावणीचाच धरावा. मे महिन्यात रिकामटेकडा माणूसही सेवा करतो, त्यात त्याग कसला? मळा चिखलून तयार हवा, तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून मुठी बांधून झालेल्या हव्यात, आणि तुमच्या भरवशावर कोणीतरी बाई पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं काढून बसलेली हवी. मग सकाळी तिच्या खळ्यात उभं राहायचं आणि सांगायचं, "वैनी, आज जमाचा नाय. मंडपाचा काम माझ्याकडे असा." वाडीतल्या भाऊजींनी मला हेच सांगितलं. मी म्हटलं, आणि लावणी? तर म्हणाले, "लावणी काय वैनी, दरवर्सा येता." गुरुपौर्णिमासुद्धा दरवर्षीच येते, हे मला सुचेपर्यंत त्यांची मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती.

जाताना बायकोलाही न्यावं. तिथे चपात्या लाटायला माणसं कमी पडतात.

आंब्याच्या पहिल्या पेटीचा मान गुरूंचा, हे सांगायला नको. समर्थांच्या पायावरचं गळू समजून कल्याणाने तोंड लावलं आणि पट्टीखालून आंबा निघाला, अशी कथा सांगतात. हल्ली पेटी थेट डिकीत ठेवता येते, मधला त्रास वाचतो.

पैसे द्यावेत, पावती मागू नये. नाथांची गोष्ट कीर्तनात ऐकावी आणि तिथेच सोडून यावी. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैचा फरक राहिला, तर एकनाथ रात्रभर वह्या उलटत जागे राहिले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटल्या म्हणे. म्हणजे जमाखर्च ही गुरुसेवाच. पण हे तुमच्या मंडळात बोलू नका. मी गेल्या वर्षीच्या वर्गणीचं विचारलं, तर एक ताई डोळे मिटून म्हणाल्या, "श्रद्धा कमी पडतेय तुमची." सार्वजनिक ट्रस्टने हिशेब ठेवून तपासून घ्यावा असं १९५० चा कायदा सांगतो. कायद्याचीही श्रद्धाच कमी पडत असावी.

गुरुचरित्रातला दीपक सगळ्यांना पाठ असतो. काशीत कुष्ठाने झडलेल्या वेदधर्मांची एकवीस वर्षं सेवा केली, गुरू मारायचे, शिव्या द्यायचे, तरी ढळला नाही. ही कथा सांगताना भाऊजींचा कंठ दाटून येतो. त्यांचे वडील माजघरात खाटेवर आहेत. परवा मी पेज घेऊन गेले, तर म्हाताऱ्याच्या पायाची नखं वाढून बोटांत रुतायला लागलेली. नेलकटर खिडकीतच होता. मठात पाद्यपूजेच्या रांगेत हेच भाऊजी पहाटे चारपासून उभे होते, आणि गुरूंच्या पायांना लावायचं चंदन त्यांनी स्वतः उगाळलं होतं. दीपकाच्या गुरूला घाण सुटली होती हो. चंदन लावलेल्या पायांची सेवा कोण नाही करणार?

आणि आता गाडीचं. गुरूंची गाडी वाडीत न्यायची असेल तर पावसात, मऊ रस्त्यानेच न्या. आमच्याकडे आली ती एका घरच्या पाद्यपूजेला. वळणावर मागचं चाक माझ्या मळ्याच्या कडेला बसलं. ड्रायव्हर रेस देतोय, चाक जागच्या जागी फिरतंय, चिखल मांगराच्या भिंतीपर्यंत उडतोय. मांगराशेजारी चिऱ्यांचा ढीग होता. पण चिऱ्याने टायर कापला असता म्हणे. मग सेवेकऱ्यांची नजर बांधावर गेली. तिथे माझा तरवा होता, सकाळपासून काढून, धुऊन, मुठी बांधून ठेवलेला, कारण लावायला येणारे हात चपात्या लाटत होते! त्यांनी तो उचलला आणि चाकाखाली घातला. मूठ मूठ करून. जयजयकार करत. मी ओरडत धावले तोवर गाडी निघाली होती, आणि एक पोरगा मला म्हणाला, "काकू, भाग्य तुमचं, गुरूंच्या कामी आलं." काचा वर होत्या. आतून कोणी वळूनही बघितलं नाही.

जिथे गुरूंचे पाय टेकतील त्या मातीत माझ्या देहाची माती मिळू दे, असं ज्ञानदेव तेराव्या अध्यायात म्हणतात. स्वतःच्या देहाची! शेजारणीच्या तरव्याची नव्हे. एवढी भक्ती उसळली होती तर व्हायचं होतं आडवं चाकाखाली.

तरवा बाजारात मिळत नाही. मृगात पेरलेला, तीन आठवड्यांचा झाला की लावायचा. वय झालं की फुटवे कमी येतात, हे तुम्हाला मी शिकवायला नको, शेतकऱ्याचीच पोरं आहात. परत पेरून आता काय दिवाळीनंतर कापू? भरपाईचं विचारलं तर प्रसादाचा नारळ पाठवलात. घराघरात दहा नारळ कुजतात आमच्याकडे, नारळ कसले पाठवता!

लाज वाटत नाही तुम्हाला? बाप खाटेवर, बायको परक्या चुलीपुढे, मळा कोरडा पडत आलेला, आणि वर निष्काम म्हणवून घेता. काम घरचं सोडलंत, म्हणून निष्काम! फोटो तेवढे सगळे काढलेत. गाडी ढकलतानाचा फोटो भाऊजींनी ग्रुपवर टाकलाय, त्यात पायाखाली माझ्या मुठी दिसताहेत. एकशेआठ जणांनी हात जोडलेत त्याला.

तेव्हा भाऊजी, उद्या सकाळी आधी वडलांची नखं कापा. मग खालच्या वाडीत जा, कोणाकडे तरवा उरलाय का घरोघरी विचारा, आणि डोक्यावरून माझ्या मळ्यात आणून टाका. विचारताना गुरूंचं नाव घेऊ नका. माझं घ्या, देतील.