व्हिसाची ‘वेगळी रांग’: एका फॉरवर्डला बडोद्याहून उत्तर

हा मेसेज मला एकाच आठवड्यात चार वाटांनी आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आणि शेवटी दांडिया बाजारातल्या मावशीकडून. मावशीने खाली लिहिलं होतं, ‘अगं, तू त्या लाइनमध्ये होतीस ना, खरं आहे का हे?’ तिचा नातू बारावीला आहे.

मेसेज थोडक्यात असा: ‘बडोदेकरांनो, मुलांना बाहेर शिकायला पाठवताय? स्वतः फॉर्म भरू नका. युनिव्हर्सिट्या डायरेक्ट अर्ज बघतच नाहीत. एम्बसीत एजंटच्या फाइलला वेगळी रांग असते. चांगला कन्सल्टंट तुमच्याकडून एक पैसा घेत नाही, मग बिघडतं काय? खात्यात पैसे नसतील तर महिनाभर दाखवायची सोयही तोच करून देतो, सगळेच करतात. आणि एकदा रिजेक्ट झालात की दार कायमचं बंद, म्हणून पहिल्यापासून प्रोफेशनल हात लावून घ्या.’ खाली एक मोबाइल नंबर.

मी अलकापुरीतल्या एका कन्सल्टन्सीत सहा वर्षं काउन्सेलर होते. नाव सांगत नाही. तेव्हा मावशीला दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा मुद्द्यागणिक लिहिते.

‘युनिव्हर्सिट्या डायरेक्ट अर्ज बघतच नाहीत.’ हे खोडायला सगळ्यात सोपं, म्हणून आधी उरकते. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास या सामायिक ऑनलाइन सेवेवरून जातात. विद्यार्थी स्वतःचं खातं उघडतो आणि पाच पर्याय भरतो. अमेरिकेत पदवीसाठी कॉमन ॲप हा अनेक विद्यापीठांना चालणारा ऑनलाइन फॉर्म आहे, मास्टर्ससाठी बहुतेक विद्यापीठांचं आपापलं पोर्टल. जर्मनीतली बरीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांचे कागद युनि-असिस्ट या संस्थेकडून तपासून घेतात. पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे ३०. ही सगळी दारं विद्यार्थ्यासाठीच केलेली आहेत. अपवाद आहे, तोही सांगते: काही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं ठरावीक देशांतल्या मुलांना आपल्या अधिकृत एजंटमार्फतच यायला सांगतात. पण मग त्या एजंटांची यादी विद्यापीठाच्याच वेबसाइटवर असते. ‘आमचा टाय-अप आहे’ असं कोणी म्हटलं की त्या यादीत त्याचं नाव शोधायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

‘एम्बसीत एजंटच्या फाइलला वेगळी रांग.’ अशी रांग नाही. व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या काउंटरवर कागद जमा होतात आणि बोटांचे ठसे घेतले जातात, निर्णय तिथे होत नाही. तिथला मुलगा तुमची फाइल बघून मान हलवतो त्याचा अर्थ कागदांचा क्रम बरोबर आहे, एवढाच. अमेरिकेसाठी गुजरातची मुलं सहसा मुंबईच्या वकिलातीत जातात. तिथे काचेपलीकडे बसलेला अधिकारी दोन-तीन मिनिटं बोलतो आणि ठरवतो. कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार समोरचा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. आमच्या ऑफिसात मुलांकडून उत्तरं पाठ करून घ्यायचे. पाठ केलेलं बोलणारी मुलं त्या काचेपुढे कशी दिसत असतील, ते आम्हाला मॉक इंटरव्ह्यूतच दिसायचं.

परत येण्याच्या हमीवरून आठवलं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करीन असा करार करून गेले होते. याहून पक्का परतीचा कागद मी तरी पाहिलेला नाही. ते १९१७ साली परत आलेही, आणि या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचा अभिमान सांगताना आपण एवढा भाग गाळतो.

असो. रांग नसली तरी एजंटचा एक ठसा फाइलवर उमटतो, आणि तो मुलाच्या फायद्याचा नसतो. आमच्याकडे मुलाच्या अर्जाचं खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडायची पद्धत होती. कारण सांगायचो, ‘तुझं मेल चुकेल, आम्ही लक्ष ठेवतो.’ खरं कारण असं की पासवर्ड आमच्याकडे असला की मुलगा दुसऱ्या ऑफिसात जाऊ शकत नाही. विद्यापीठाने दुसऱ्या शाखेची ऑफर दिली, शिष्यवृत्ती देऊ केली, अमुक तारखेपर्यंत उत्तर मागितलं, यातलं काय कळवायचं ते आम्ही ठरवायचो. कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन प्रतिनिधी व्हायचं तर तो माणूस वकील, क्विबेकचा नोटरी किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक लागतो, आणि तसं अर्जात जाहीर करावं लागतं. परवाना नसलेले लोक म्हणून मागे राहून फॉर्म भरतात. कागदोपत्री मुलाने स्वतः भरलेला. चूक सापडली तर तीही मुलाचीच.

आता मुख्य गोष्ट. ‘एक पैसा घेत नाही, मग बिघडतं काय?’

पैसा घेत नाही हे बरेचदा खरं असतं. तुमच्याकडून घेत नाही. विद्यापीठाकडून घेतो, आणि तो सहसा पहिल्या वर्षाच्या फीच्या दहा ते वीस टक्के असतो. साधा हिशेब करा: वीस हजार पौंड फी, पंधरा टक्के कमिशन, म्हणजे तीन हजार पौंड, रुपयांत तीन लाखांच्या वर. एका मुलामागे. यात बेकायदा काही नाही. घर दाखवणारा दलालही दोन टक्के घेतोच, पण तो कोणाकडून घेतोय हे आपल्याला ठाऊक असतं. इथे समोरची ताई ‘काउन्सेलर’ असते, भिंतीवर झेंडे असतात, चहा येतो, आणि आईवडिलांना वाटतं ही आपल्या बाजूची. मी विद्यापीठाच्या बाजूची होते. महिन्याचं टार्गेट होतं, आणि ते देशाप्रमाणे नव्हे, विद्यापीठाप्रमाणे लावलेलं होतं.

याचा परिणाम मुलासमोर ठेवलेल्या यादीवर होतो. जर्मनीची सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत. बहुतेकांत फीच नाही, तर टक्के कशाचे देणार? बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७पासून युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केली आहे, पण ब्रिटनच्या मानाने ती कमीच. भारतीय मुलांना एपीएसचं, म्हणजे जर्मनीसाठी शैक्षणिक कागद तपासून दिलं जाणारं, प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये, आणि वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४पासून ११,९०४ युरो. हे पैसे मुलाचेच, महिन्याला ९९२ प्रमाणे त्यालाच परत मिळतात. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी रावपुऱ्यातला एक मेकॅनिकलचा मुलगा जर्मनीची चौकशी करत आला, तेव्हा मी त्याला शिकवलेलं वाक्य म्हटलं: ‘जर्मनी राहू दे, भाषेचा त्रास होईल. यूकेचं बघ, एका वर्षात होऊन जातं.’ तो एका वर्षाच्या मॅनेजमेंटच्या कोर्सला गेला. वडिलांनी घर गहाण ठेवलं होतं. त्या महिन्यात माझं टार्गेट पूर्ण झालं.

मुलगा काही वाईट अवस्थेत नाही, कामाला आहे. पण तो इंजिनिअर म्हणून शिकायला निघाला होता, हे मी विसरलेले नाही.

म्हणजे एजंटकडे जाऊच नये का? तसं मी म्हणत नाही. एका कामात आम्ही खरोखर उपयोगी पडायचो: नावं. बाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही, बडोदेकराला लगेच कळेल. गुजरातच्या शाळेत दाखला लिहिताना वडिलांच्या नावाला सवयीने ‘भाई’ आणि आईच्या नावाला ‘बेन’ लागतं. घरात दत्तात्रय, दाखल्यावर दत्तात्रयभाई, पासपोर्टवर पुन्हा दत्तात्रय, बँकेत डी. आर. आईचं लग्नाआधीचं नाव जन्मदाखल्यावर, सासरचं आधारवर. ब्रिटनच्या व्हिसाला वडिलांच्या खात्यातले पैसे चालतात, पण नातं दाखवणारा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतिपत्र लागतं. तिथे दत्तात्रय आणि दत्तात्रयभाई ही दोन माणसं ठरली तर पंचाईत. हे आधीच ओळखून अफिडेव्हिट करायला लावणारा, जन्मदाखला दुरुस्त करायला कॉर्पोरेशनमध्ये पिटाळणारा माणूस मिळाला तर त्याला खुशाल फी द्या. ठरवून, पावती घेऊन.

‘पैसे नसतील तर महिनाभर दाखवायची सोय.’ या वाक्याने मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ते अर्धवट माहितीवर उभं आहे. महिनाभर हा शब्द आला कुठून? ब्रिटनचा नियम आहे की फीची बाकी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. राहण्याचा खर्च जानेवारी २०२५पासून लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पौंड धरत होते, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा; पुढे आकडा आणखी वाढला. तेव्हा कोणीतरी २८ दिवसांसाठी दहा-पंधरा लाख खात्यात टाकतो, व्याज आगाऊ कापून घेतो, कोऱ्या चेकवर सही घेऊन ठेवतो आणि एकोणतिसाव्या दिवशी रक्कम उचलतो. बडोद्यात हा धंदा आहे, हे सांगायला मला कोणाची साक्ष नको.

यात दोन खड्डे आहेत. पहिला व्हिसाच्या वेळचा. अधिकाऱ्याला चौकशी करता येते. साठ हजार पगाराच्या खात्यात एका दुपारी चौदा लाख आले तर ते कुठून आले हे विचारायला फार अक्कल लागत नाही. फसवणूक ठरली तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार लावतो, कॅनडा पाच वर्षं, आणि अमेरिकेत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शिक्का जन्मभर पुसत नाही. दुसरा खड्डा तिथे पोचल्यावरचा. कागदावरचे पैसे खरे नसतील तर दुसऱ्या महिन्याचं भाडं कशातून द्यायचं? त्यापेक्षा शैक्षणिक कर्ज काढा. मंजुरीला वेळ लागतो, बँक चार वेळा हेलपाटे घालायला लावते, पण ते कर्ज लपवावं लागत नाही.

आणि खोटा कागद पकडला जात नाही, असं कोणी सांगितलं तर कॅनडातलं प्रकरण आठवा. जालंधरच्या एका एजंटने दिलेली कॉलेजांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. मुलं पंजाबची, बरीचशी तिकडे शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याच्या अर्जापर्यंत पोचलेली. तेव्हा कागद उलगडला आणि हद्दपारीच्या नोटिसा आल्या. जून २०२३मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं ठरवलं, म्हणून खऱ्या विद्यार्थ्यांना वाट मिळाली. एजंटला २०२४मध्ये कॅनडाच्या कोर्टात तीन वर्षांची शिक्षा झाली. मुलांची मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत. १ डिसेंबर २०२३पासून प्रत्येक प्रवेशपत्र खरं आहे की नाही हे कॉलेजला थेट कॅनडा सरकारला कळवावं लागतं. प्रवेशपत्र आलं की आपणही विद्यापीठाला स्वतःच्या मेलवरून एक ओळ लिहून विचारावं, इतकं साधं आहे.

‘एकदा रिजेक्ट झालात की दार कायमचं बंद.’ नाही. अमेरिकेत २१४(ब)खाली नाकारलं तर त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. १८५ डॉलर व्हिसा फी पुन्हा भरायची आणि मधल्या काळात परिस्थितीत काही बदललं असेल ते दाखवायचं. ब्रिटनमध्ये निर्णयाची फेरतपासणी मागता येते. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर मात्र ‘आधी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ हा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ लिहिलं तर चौकशी होते. ‘नाही’ लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि दार बंद होतं ते त्याने. आमच्या ऑफिसात ‘नाही’वर टिक करायला सांगणारे होते. मी सांगितलं नाही. पण सांगताना ऐकून गप्प बसले, तेही खरं.

एवढं लिहून झाल्यावर मेसेजखालचा नंबर लावला. म्हटलं, भाचा आहे, इंजिनिअरिंगला आहे, जर्मनीत सरकारी विद्यापीठ बघायचंय. पलीकडची मुलगी पंचविशीची असावी, आवाज गोड. म्हणाली, ‘बेन, जर्मनी रहेवा दो ने. भाषानी तकलीफ थशे. यूके जुओ, एक वरसमां थई जशे.’

वाक्य अजून तेच आहे. फक्त आमच्या वेळी मराठी घरांसाठी ते मराठीत म्हणायला माझ्यासारखी एक ठेवलेली असायची.