धक्का मोठा, वेस अरुंद

मुंबईत बॅलार्ड पिअरला नवे क्रूझ टर्मिनल झाल्यापासून एकच आकडा पुढे केला जातो: वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता. गोव्यात मुरगाव बंदराची चर्चाही यंदा जहाजे किती आली यावरच संपते. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला मात्र हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडतात. धक्क्याला किती जहाजे लागतील यापेक्षा गावाच्या वेशीतून एका वेळी किती माणसे नीट आत जातील, हे आधी पाहतात. मला हीच रीत पटते.

जुने शहर तटबंदीच्या आत आहे आणि मुख्य रस्ता स्त्रादून जेमतेम ३०० मीटर लांब. क्रूझ लागतात त्या ग्रुझ बंदरापासून पश्चिमेची पिले वेस सुमारे ३ किलोमीटर. धक्का कितीही वाढवला तरी वेस तेवढीच राहते. म्हणून २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजे आणि दोन्हींचे मिळून सुमारे ४ हजार प्रवासी, अशी मर्यादा आहे. जहाजाने किमान ८ तास थांबावे ही अट मला त्याहून मोलाची वाटते. चार तासांचा मुक्काम असला की सगळे एकाच वेळी वेशीवर येतात, फोटो काढतात आणि जेवायला न बसता परततात. गावाच्या वाट्याला नुसती गर्दी येते.

८ तास असले तरी क्रम चुकला की दिवस वाया जातो. ग्रुझहून १ए, १बी किंवा ३ नंबरची बस पिलेला जाते. तिकीट ड्रायव्हरपेक्षा टपरीवर स्वस्त पडते. सगळ्यात आधी तटावर चढावे. फेरी १,९४० मीटरची, एकाच दिशेने, दीड-दोन तासांची. पायऱ्या पुष्कळ, सावली जवळपास नाही, लिफ्ट तर नाहीच. जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर चढणाऱ्यांना उन्हाचा त्रास होतो, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी हा बेत सोडलेलाच बरा. २०२५ मध्ये नुसत्या तटाचे तिकीट ४० युरो होते आणि एक दिवसाचा पासही तेवढ्यालाच. पासात तट, संग्रहालये आणि बस सगळे येते, त्यामुळे सुटे तिकीट घेण्यात अर्थ नाही. पाण्याची बाटली पिलेच्या आतल्या ओनोफ्रियो कारंज्यावर भरा. १५व्या शतकातले आहे आणि पाणी आजही पिण्याजोगे. स्त्रादूनची फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे, पावसात चपला घसरतात. परतताना पिलेच्या थांब्यावर रांग लागते. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी चढावे लागते, तेव्हा दीड तास हाताशी ठेवा. चालत गेलात तर ४० मिनिटे.

भारतीय पासपोर्टवाल्यांची चूक बहुधा व्हिसात होते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत आहे, शेजारचा मॉन्टेनेग्रो नाही. इटलीहून निघालेले जहाज मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला थांबून दुब्रोव्निकला आले की तो दुसरा प्रवेश धरला जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथेच अडकाल. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा.

आता मुंबईकडे वळू. घारापुरीच्या लेण्यांना सोमवारी सुट्टी असते, आणि गेटवेहून लाँचने एका बाजूला तासभर लागतो. सोमवारी धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या प्रवाशाला लेणी दिसणारच नाहीत. बंदर, पुरातत्त्व खाते आणि लाँचवाले यांनी एकत्र बसून वेळापत्रक आखायला १० लाखांची वाट पाहायची गरज नाही. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये तर घरांच्या दारातच फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते, आणि तिथल्या रहिवाशांची तक्रार जुनी आहे. दुब्रोव्निकच्या तटाआत १९९१ मध्ये सुमारे ५ हजार लोक राहत होते, आता दीड हजाराच्या आसपास उरलेत. मर्यादा आली ती बहुतेक घरे रिकामी झाल्यावर. फोंतेन्यासमध्ये माणसे अजून राहतात, मर्यादा आत्ताच ठरवता येईल.