दिवा विझला, दोष तसाच

सायलेन्सर बदलणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘एक्झॉस्ट बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका, मागचा ओटू सेन्सर गोंधळलेला असतो. स्पेसर लावा, रीडिंग बरोबर येतं. पिकअपही सुधारतो. जमल्यास दोन्ही सेन्सरना लावा. इंजिनला काही होत नाही आणि प्रदूषण तपासणीतही गाडी सुटते.’

आधी त्या ‘गोंधळलेल्या’ सेन्सरबद्दल, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

ओटू सेन्सर म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर. एक सेन्सर धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, आधी असतो आणि दुसरा नंतर. पेट्रोल इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या किंचित अलीकडे-पलीकडे झुलवत ठेवतो. पुढचा सेन्सर साध्या झिर्कोनिया प्रकारचा असेल, तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली होतं. कॅटमधलं सिरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं. त्यामुळे हा चढउतार मागे पोचतच नाही. गाडी एका वेगाने चालत असताना धडधाकट कॅटमागचा सेन्सर साधारण ०.६-०.७ व्होल्टवर शांत बसलेला दिसतो. एक्झॉस्ट बदलताना कॅट काढला किंवा तो निकामी झाला, की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो आणि ईसीयू पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड नोंदवतो. थोडक्यात, सेन्सर गोंधळलेला नाही. कॅट नाही हे त्याने अचूक ओळखलंय.

मग स्पेसर काय करतो? तो १८ मिलिमीटर आट्यांचा एक पोकळ तुकडा असतो. त्यामुळे सेन्सरचं टोक वायूच्या धारेतून बाहेर येतं, बारीक भोकातून वायू सावकाश आत-बाहेर होतो आणि चढउतार बोथट होतात. काही स्पेसरच्या पोटात कॅटचा इवलासा तुकडाही बसवलेला असतो. गंमत म्हणजे ही युक्ती मुळात सेन्सरसाठी नव्हतीच. ऑइल जाळणाऱ्या जुन्या इंजिनात स्पार्क प्लगचं टोक तेलापासून लांब राहावं म्हणून नॉन-फाउलर नावाचा तुकडा मिळायचा. आटे जुळतात म्हणून कुणीतरी तो ड्रिलने मोठा करून ओटू सेन्सरखाली बसवला. रीडिंग ‘बरोबर’ येण्याचा इतिहास एवढाच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा हा प्रकार. इथे मांजराचं नावही योगायोगाने कॅटच आहे.

पिकअपचं दोन ओळींत उरकतं. मोकळ्या एक्झॉस्टमुळे काही मिळालं असेल तर ते पाइपांमुळे. स्पेसर कॅटनंतर बसतो आणि इंजिनात जाणाऱ्या हवेला त्याचा पत्ताही नसतो.

दोन्ही सेन्सरना लावण्याचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. इंधन किती सोडायचं हे ईसीयू पुढच्या सेन्सरकडे बघून ठरवतो. तिथे स्पेसर लावलात की बातमी उशिरा पोचते. मिश्रण दाट, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, झाल्याचं कळेपर्यंत ते आणखी दाट झालेलं असतं, पातळ करायला घ्यावं तर ते गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. आयडलिंगला गाडी हेलकावे खाते, पेट्रोल जास्त जातं आणि बऱ्याचदा पी०१३३, म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद मंद असल्याचा कोड येतो. एक दिवा विझवायला जाऊन दुसरा पेटवला.

‘इंजिनला काही होत नाही’ हे शब्दशः खरं आहे. स्पेसर इंजिनाला इजा करत नाही, तो खबर दाबतो. कॅट सहसा आपणहून मरत नाही. पिस्टनच्या रिंगांमधून ऑइल वर येत असेल तर त्यातले फॉस्फरस आणि झिंक कॅटवर थर धरतात. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर तेही त्याला भोवतं. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतलं सिरॅमिक वितळतं. पुढे तोच गोळा एक्झॉस्ट तुंबवतो आणि गाडी ओढेनाशी होते. मिसफायरचा निदान वेगळा कोड तरी येतो, पण ऑइल हळूहळू जळत असताना पी०४२० हीच कधीकधी पहिली हाक असते. तेव्हा मागे स्पेसर लावणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. शिवाय बऱ्याच गाड्यांत मागचा सेन्सर नुसता पहारेकरी नसतो. पुढचा सेन्सर जुना होऊन हळूच चुकायला लागला, तर मागच्याच्या आधारे ईसीयू ती चूक सावरतो.

तपासणीत सुटण्याबद्दल: नळी धुराड्यात घालून वायू मोजत असतील तर स्पेसरचा काडीचा उपयोग नाही. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जेवढे होते तेवढेच बाहेर पडतात. ओबीडी सॉकेटला, म्हणजे ईसीयूचे कोड वाचायच्या जोडणीला, यंत्र जोडून तपासत असतील तर एखादी गाडी निसटेलही, पण कॅट काढणं अनेक देशांत मुळातच बेकायदा आहे आणि वाकून खाली बघणाऱ्याला ते दिसतं.

एका बाबतीत मात्र या सल्ल्यात तथ्य आहे. मूळ कॅटच्या जागी हाय-फ्लो कॅट बसवला असेल, म्हणजे एका चौरस इंचात ४०० ऐवजी २०० छिद्रांचा, तर तो वायू साफ करत असला तरी ऑक्सिजन कमी साठवतो. ईसीयूची मर्यादा मूळ कॅटला धरून आखलेली असल्यामुळे दिवा लागू शकतो. अशा वेळी कुणी मागे स्पेसर लावला तर मी नाक मुरडत नाही. फक्त त्याआधी सांधे गळत नाहीत ना ते बघा. नव्या वेल्डिंगला किंवा फ्लँजच्या गॅस्केटला बारीक फट राहिली तर दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो. गाडी थंड असताना स्टार्ट करून धुराड्याच्या तोंडावर फडकं दाबलं की फस्स आवाजावरून फट सापडते. तेव्हा गॅस्केट बदलून कोड पुसला की स्पेसर विकत घ्यायची वेळच बहुधा येत नाही.